शून्यच्छेद अंतराल

शून्यच्छेद अंतराल : यदृच्छ संकेताचे मूल्य शून्य होण्याच्या दोन लागोपाठच्या क्षणांमधील कालावधी. अमेरिकन अभियंते एस. ओ. राइस यांच्या १९४४-४५ मधील निबंधांनी या विषयाचा पाया घातला. स्थिर गॉसीय संकेतात दर सेकंदास सरासरी किती शून्यच्छेद होतात, हे त्यांच्या सूत्राने केवळ वर्णपटावरून काढता येते. उदा., ० ते १,००० हर्ट्‌झ या पट्ट्यात शक्ती समप्रमाणात विभागलेली असल्यास ही संख्या सु. १,१५५ येते. सूत्राचे सामर्थ्य निर्विवाद असले, तरी सरासरीवरून अंतरालांचे वितरण कळत नाही. एका छेदानंतर विशिष्ट काळाने छेद आढळण्याची राइस यांनी काढलेली संभाव्यता पुढील कोणत्याही छेदाची आहे, लगतच्याच छेदाची नव्हे; त्यामुळे ती अल्प अंतरालांपुरतीच उपयुक्त ठरते. जे. ए. मॅकफॅडन यांनी १९५८ मध्ये लागोपाठचे अंतराल परस्परांपासून स्वतंत्र मानून ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला. परंतु हे गृहीतक सर्वसाधारणपणे खरे नसते. द्विमितीय विसरणाशी निगडित संकेतात दीर्घ अंतरालांच्या ऱ्हासाचा अचूक घातांक (३/१६) २०१८ मध्ये मिळाला. व्यापक सूत्राच्या अभावी राइस यांचे कार्य या विषयाचा आरंभबिंदू ठरते, पूर्तता नव्हे.