चेहरा, नाव आणि नोंद

सैनिकी सेवेची छायाचित्रे, पत्रे आणि नामावळ्या यांचा उपयोग बहुधा इतिहासाचा पुरावा म्हणून केला जातो. त्या संहिताही आहेत आणि प्रत्येकीमागे तिला घडविणारी सत्ता उभी आहे, याचे भान मात्र क्वचितच राखले जाते. पहिल्या महायुद्धातील हिंदी शिपायांच्या संदर्भात ही उणीव विशेष जाणवते.

१९१५ मध्ये एच. डी. गर्डवुड यांनी फ्रान्समधील हिंदी पलटणींची अधिकृत छायाचित्रे घेतली. त्यांतील चढाईची काही दृश्ये मुद्दाम रचलेली होती. चित्राखालच्या मजकुरात पलटणीचा उल्लेख असतो. शिपायाचे नाव सहसा नसते. प्रतिमेच्या अनेकार्थतेला शब्द आवर घालतात, हे रोलाँ बार्थ यांनी १९६४ मध्ये दाखवून दिले. येथे तेच शब्द माणसाला पलटणीचा नमुना बनवतात.

पत्रांची गत याहून गुंतागुंतीची आहे. पुष्कळ पत्रे लेखनिकाने लिहिलेली. आज हाती येतात ते मुख्यतः टपाल तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी इंग्रजीत केलेले उतारे. हिंदी शिपायांना ‘काळी मिरी’ आणि गोऱ्यांना ‘लाल मिरची’ म्हणण्याचा संकेत ज्या नजरेला चुकविण्यासाठी रूढ झाला, त्याच नजरेने तो टिपला आणि जतनही केला. म्हणून या उताऱ्यांत शिपायाचा ‘अस्सल आवाज’ शोधणारे वाचन भाबडे ठरते. आणि तेथे केवळ सत्तेचाच आवाज आहे असे मानणारे वाचन त्या संकेतामागील चातुर्य नाकारते.

मराठी वाचकाचा या प्रश्नाशी संबंध मेसोपोटेमियातून येतो. २९ एप्रिल १९१६ रोजी कुत येथे शरण गेलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. त्या रणभूमीवरील ४०,००० हून अधिक मृतांसाठी उभारलेल्या बसरा येथील स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. सामान्य हिंदी शिपाई मात्र पलटणवार आकड्यांत उरले. ही विषमता युद्धसमाधी आयोगाने नेमलेल्या समितीने २०२१ च्या अहवालात नोंदविली.

एका ठिकाणी नावाविना चेहरा, दुसरीकडे परक्या भाषेतला आवाज, तिसरीकडे नुसता आकडा. ‘अनाम वीर’ या शब्दप्रयोगाने हे तिन्ही सहज सांधता येतात, पण शिपाई अनाम नव्हता. त्याचे नाव लिहिण्याचे टाळले गेले. गौरवाची भाषा हा कर्तरी व्यवहार झाकते. समीक्षेने तो उघडा ठेवला पाहिजे.