हाजरा फॉलवर किती माणसं मावतात? एका लाडक्या सूत्राची उलटतपासणी

पेट पास झाली, कोर्सवर्क संपत आलं आणि गाईडनी "विषय काय ठरला?" असं दुसऱ्यांदा विचारलं, की आमच्याकडच्या भूगोल, पर्यावरणशास्त्र आणि प्राणिशास्त्राच्या मुलांच्या वहीत एक शीर्षक हमखास उमटतं: 'गोंदिया जिल्ह्यातील निवडक पर्यटनस्थळांची धारणक्षमता'. कधी तालुका बदलतो, कधी 'निवडक'च्या जागी 'प्रमुख' येतं. धारणक्षमता म्हणजे आपण सगळे जिला कॅरिंग कपॅसिटी म्हणतो ती. आरआरसीला हे शीर्षक आवडतं, कारण त्यात सूत्र आहे, तक्ते येणार आहेत आणि शेवटी एक आकडा निघणार आहे. विज्ञान शाखेतून आलेल्या आपल्यासारख्यांना तर आकडा दिसला की बरंच वाटतं.

माझी तक्रार त्या आकड्याबद्दलच आहे. हा विषय घेऊच नका असं मी म्हणत नाही. पण घेण्याआधी सूत्र उघडून आत काय आहे ते एकदा बघा.

चौकट कुठून आली ते आधी सांगते. मिगेल सिफुएन्तेस यांनी १९९२ मध्ये कोस्टा रिकातल्या संरक्षित क्षेत्रांसाठी ही पद्धत नीट मांडली. तीन पायऱ्या आहेत. पहिली, भौतिक क्षमता: जागा किती, एका माणसाला किती जागा लागते आणि दिवसभरात किती फेऱ्या होऊ शकतात. दुसरी, वास्तव क्षमता: त्यातून पाऊस, ऊन, चढण, धूप, प्राण्यांना होणारा त्रास यांची टक्केवारी वजा करायची. तिसरी, प्रभावी क्षमता: तिला व्यवस्थापनाच्या ताकदीने गुणायचं, म्हणजे कर्मचारी, साधनं, पैसा गरजेच्या किती टक्के आहेत त्याने. हीच चौकट राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या ऑक्टोबर २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आली. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातलं पर्यटन काही महिने थांबवलं होतं, हे तुम्हाला आठवत असेल. तेव्हापासून आपल्याकडच्या प्रबंधांत हे सूत्र जवळजवळ आरतीसारखं म्हटलं जातं.

आता ते चालवून बघू. पुढचे आकडे मी निव्वळ उदाहरणासाठी घेतलेत, मोजलेले नाहीत. समजा धबधब्याखाली लोक बसतात ती जागा १००० चौरस मीटर आहे. माणशी ४ चौरस मीटर धरले, म्हणजे एका वेळी २५०. जागा ८ तास उघडी आणि एक कुटुंब २ तास थांबतं, म्हणजे ४ फेऱ्या. भौतिक क्षमता १०००. मग तीन कपाती लावा: ३०, ४० आणि २० टक्के. उरले ३३६. व्यवस्थापनाची ताकद ५० टक्के धरली की उत्तर येतं १६८.

आता दोनच गोष्टी बदला. माणशी ४ ऐवजी २ चौरस मीटर (वनभोजनाला आलेलं आपलं कुटुंब चार चौरस मीटर पसरून बसतं का, सांगा बरं), आणि व्यवस्थापन ५० ऐवजी ७५ टक्के. उत्तर ५०४. बरोब्बर तिप्पट. धबधबा तोच, दगड तेच, एकही नवीन गोष्ट मोजली नाही. फक्त टेबलावर बसून दोन गृहीतकं बदलली. ज्या सूत्राचं उत्तर निरीक्षणापेक्षा गृहीतकावर जास्त हलतं, त्याच्या शेवटी दशांश चिन्ह लावणं म्हणजे मोजमापाचा आव आणणं आहे. निदान गृहीतकं बदलून बघणारा एक तक्ता तरी प्रबंधात हवा. मी वाचलेल्या बहुतेक प्रबंधांत तो नसतो.

व्यवस्थापनाचा गुणक तर मला मुळातच पटत नाही. दोन चौकीदार वाढवले की जागेची क्षमता वाढते, असं तो सांगतो. माती घट्ट होण्याचं, झाडाची मुळं उघडी पडण्याचं प्रमाण चौकीदारांच्या संख्येवर ठरत नाही. ते कुठे चालू देतात, कुठे चूल पेटवू देतात त्यावर ठरतं.

पण सगळ्यात गंमत पावसाची आहे. सिफुएन्तेस यांच्या पद्धतीत पाऊस हा कपात करणारा घटक आहे, कारण तिथे लोक पायवाटेवरून जंगल बघायला येतात आणि पावसात येत नाहीत. हाजरा फॉल सालेकसा तालुक्यात, दरेकसा स्टेशनच्या जवळ. गोंदियाहून डोंगरगडकडे जाणाऱ्या गाडीत बसलेल्या कोणालाही विचारा, तिथे लोक कधी जातात? पावसात! जुलै-ऑगस्टमध्ये पाणी जोरात असतं, म्हणून. सूत्र मुकाट्याने लावलं तर पावसाळ्याच्या चार महिन्यांपोटी क्षमतेतून ३३ टक्के कापले जातील, आणि एप्रिल-मे महिन्यात, जेव्हा धार बारीक होते आणि तिकडे कुत्रंही फिरकत नाही, तेव्हा क्षमता भरपूर आहे असं उत्तर येईल. उलट व्याघ्र प्रकल्पातली सफारी पावसाळ्यात बंद. एकाच जिल्ह्यात, एकाच विभागाच्या जंगलात पाऊस एका ठिकाणी दार बंद करतो आणि दुसऱ्या ठिकाणी उघडतो. दोन्हीकडे एकच कपात लावणाऱ्याने हाजरा फॉल पाहिलेला नसावा, एवढंच मी म्हणेन.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. नागझिऱ्याच्या सफारी रस्त्यांसाठी हे सूत्र बऱ्यापैकी चालतं. तिथे गेट आहे, गाड्या मोजता येतात, रस्त्याची लांबी ठरलेली आहे, धूळ बसावी म्हणून दोन गाड्यांत अंतर ठेवायचं असतं. गाडी हे एकक आहे आणि ते एकाच रेषेत चालतं. २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाल्यावर रोज किती गाड्या सोडायच्या याला काही आधार हवाच होता. तिथे आकडा काम करतो. तोच आकडा रेषेवरून उचलून मोकळ्या काठावर नेला, की घोटाळा सुरू होतो.

मोकळा काठ म्हणजे काय, ते आपल्या जिल्ह्यात वेगळं सांगायला नको. १९९९ मध्ये भंडाऱ्यातून वेगळे झालो तेव्हा तळ्यांचा अर्धा संसार आपल्या वाट्याला आला. मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी, शिवाय गावागावातल्या बोड्या. रोडग्याची पार्टी करायला, आवळीभोजनाला लोक यांच्याच पाळीवर जातात. ना गेट, ना तिकीट. इथे 'दररोज कमाल १६८' लिहिलं तर ते कोण कोणाला सांगणार?

बरं, किती माणसं आली यावर नुकसान ठरतं, हे गृहीतक तरी खरं आहे का? बाहेर या प्रश्नावर पन्नासेक वर्षं काम झालंय आणि उत्तर आपल्या अंदाजाच्या उलट आहे. डेव्हिड कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या जंगलांतल्या तंबूच्या जागा वर्षानुवर्षं मोजल्या. त्यांना दिसलं, की वापर आणि नुकसान यांचा आलेख सरळ रेषेत चढत नाही. सुरुवातीच्या थोड्याशा वापरातच गवत-झुडपांचं बहुतेक नुकसान होऊन जातं, नंतर माणसं दुप्पट झाली तरी भर थोडीच पडते. याचा अर्थ आपल्या भाषेत सांगायचा तर, नवेगाव बांधच्या काठावरची आधीच तुडवलेली जागा अजून पन्नास लोकांनी तुडवली तर फार फरक नाही. पण तेच पन्नास लोक 'इथे गर्दी आहे' म्हणून पुढच्या कोऱ्या काठावर दहा नव्या चुली मांडतील, तर तिथे फरक पडेल. संख्या कमी करण्याच्या नादात गर्दी पांगवली, तर नुकसान वाढू शकतं. सूत्रात हे कुठेच बसत नाही.

सारसाचं उदाहरण घ्या. महाराष्ट्रात सारस टिकून आहे तो मुख्यतः गोंदियात, आणि घरटं करतो पावसाळ्यात, धानाच्या बांधीत किंवा परसवाड्यासारख्या तलावाच्या कडेला. तिथे धारणक्षमता किती काढणार? एक माणूस, एक मोठी लेन्स, दहा पावलं जास्त पुढे, आणि जोडी अंड्यांवरून उठली. नुकसान करायला तो एकटा पुरेसा आहे. आणि दुसऱ्या बाजूला रोज त्याच बांधीत चिखलणी करणारा, निंदण करणारा शेतकरी. पक्षी त्याला सरावलेला असतो. सूत्राच्या दृष्टीने दोघंही 'एक व्यक्ती'.

'कोण' हा प्रश्न गाळल्याचा सगळ्यात मोठा फटका कचारगडला बसेल. दरेकशाजवळचीच ही गुहा. माघ पौर्णिमेला इथे गोंड समाजाची यात्रा भरते. महाराष्ट्र, छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणातून लोक येतात, संख्या लाखांच्या घरात जाते. पर्यटनस्थळांच्या यादीत मात्र कचारगड 'नैसर्गिक गुहा, ट्रेकिंगसाठी उत्तम' म्हणून येतं, हाजरा फॉलच्या खालोखाल. समजा कोणी गुहेच्या तोंडाचं क्षेत्रफळ घेऊन आकडा काढला आणि लिहिलं, रोज चारशे. प्रबंध ग्रंथालयात धूळ खात पडला तर ठीक. पण असे आकडे तिथेच राहत नाहीत. ते आराखड्यात जातात, सल्लागाराच्या अहवालात 'एका अभ्यासानुसार' म्हणून येतात. मग चारशेच्या बाहेरचा माणूस कोण? आपल्या देवाकडे आलेला की रविवारी गाडी घेऊन आलेला? यात्रेतल्या चेंगराचेंगरीचा, पाण्याचा, रस्त्याचा अभ्यास जरूर करावा, तो गर्दीच्या सुरक्षिततेचा विषय आहे आणि महत्त्वाचा आहे. त्याला धारणक्षमता म्हणून निसर्गाच्या नावावर खपवू नये.

ही शंका नवी नाही. जे. अॅलन वॅगर यांचा १९६४ चा प्रबंधवजा अभ्यास करमणुकीच्या धारणक्षमतेवरचा आद्य अभ्यास मानला जातो. निसर्ग किती सहन करतो ते शोधायला ते निघाले आणि त्यांच्या लक्षात आलं, की माणसांना त्या जागेकडून काय हवंय हे ठरवल्याशिवाय उत्तरच निघत नाही. १९८५ मध्ये अमेरिकी वनसेवेच्या संशोधकांनी प्रश्नच बदलला: 'किती माणसं जास्त?' ऐवजी 'किती बदल आपल्याला चालेल?' मग तो बदल ओळखायच्या खुणा ठरवायच्या आणि त्याच मोजत राहायच्या. आपल्याकडे संदर्भसूचीत वॅगर असतात, पण पद्धत सिफुएन्तेस यांचीच असते. दोघांना एका पानावर आणलं की खरं तर वाद व्हायला हवा.

मग करायचं काय, असं विचाराल. माझ्या मते पहिल्या वर्षी एकच साधी गोष्ट करण्यासारखी आहे. सिडनी फ्रिसेल यांनी १९७८ मध्ये मुक्कामाच्या जागांसाठी पाच प्रतींची मोजपट्टी दिली. पहिल्या प्रतीत गवत फक्त दबलेलं, फार तर एखादी दगडाची चूल. दुसरीत चुलीभोवतीचं गवत गेलेलं. तिसरीत बहुतेक जागेवरचं गवत गेलेलं, पण पालापाचोळा शिल्लक. चौथीत उघडी माती आणि दिसणारी मुळं. पाचवीत धूप आणि मरू लागलेली झाडं. एक वही, एक टेप, मोबाईलचं जीपीएस. नवेगाव बांध, इटियाडोहचा काठ आणि तुमच्या गावचा मामा तलाव. तीन दगडांची काळी पडलेली प्रत्येक चूल नकाशावर टाका. दिवाळीनंतर एकदा, होळीनंतर एकदा. पुढच्या वर्षी पुन्हा. नवीन चुली कुठे उगवल्या हे सांगणारा नकाशा कोणत्याही १६८ पेक्षा मोलाचा आहे, आणि बजेट जवळजवळ शून्य.

फक्त ही मोजपट्टीही जशीच्या तशी उचलू नका. ती थंड प्रदेशातल्या, जाड पालापाचोळ्याच्या जंगलांसाठी बनली आहे. आपलं जंगल पानगळीचं. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा झाडून काढतात, काही ठिकाणी जाळतात. तेव्हा मोहाखाली गेलात तर जमीन सरळ चौथ्या प्रतीची दिसेल आणि तिथे वर्षभरात एकही तंबू लागलेला नसेल. शिवाय नवेगाव बांधसारखं तळंही निसर्गाने दिलेलं नाही, कोहळ्यांनी बांधलेलं आहे. त्यामुळे 'मूळ स्थिती' म्हणून तुम्ही नेमकं काय धरताय, ते पहिल्या प्रकरणातच लिहावं लागेल. म्हणून प्रत्येक पार्टीच्या जागेसोबत, तसंच झाड, तसाच उतार असलेली पण लोक बसत नाहीत अशी एक जागा जोडीला घ्या. आणि ती निवडताना मोहफुलं वेचणाऱ्या बाईंना विचारा, कोणत्या झाडाखाली या वर्षी झाडलं नाही ते. हे कोणत्याही उपग्रहाच्या चित्रात दिसत नाही.