वाद जिंकणे आणि विचार करणे

विज्ञानाचे ज्ञान वाढले की चिकित्सक वृत्ती आपोआप येते, असे आपल्या विज्ञानशिक्षणात बहुधा गृहीत धरलेले असते. शाळाशाळांतील वादविवाद स्पर्धा आणि चमत्कारांमागील विज्ञान उलगडणारी प्रात्यक्षिके यांचा पायाही हाच आहे. प्रस्तुत लेखात आम्ही या गृहीतकाचीच चिकित्सा करणार आहोत.

त्यासाठी एक ओळखीचे उदाहरण घेऊ. गडहिंग्लज तालुक्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे जावे तसा पाऊस कमी होत जातो. हिरण्यकेशीच्या काठापासून दूर असलेल्या शेतकऱ्याला विहीर किंवा बोअर यांवाचून गत्यंतर नसते. जागा ठरवताना पुष्कळदा पाणाड्याला बोलावले जाते. तळहातावर आडवा धरलेला नारळ जिथे उभा राहील, तिथे पाणी आहे असे तो सांगतो. या शब्दावर कर्ज काढून बोअर मारली जाते. तेव्हा हा प्रश्न केवळ गमतीचा नाही. घराच्या वर्षभराच्या मिळकतीचा आहे.

आता समजा, नववीच्या वर्गात हा विषय निघाला. ज्याच्या शेतात पाणाड्याने दाखवलेल्या जागी पाणी लागले आहे, असा एक हुशार विद्यार्थी उठून म्हणतो, ‘सर, वाहत्या पाण्यामुळे चुंबकीय क्षेत्र बदलते. शरीरातल्या विद्युतप्रवाहावर त्याचा परिणाम होतो, म्हणून नारळ उभा राहतो.’ या मुलाजवळ ज्ञानाची वाण नाही. चुंबकत्व त्याने पाठ्यपुस्तकातूनच घेतले आहे. मात्र ते त्याने आपल्या विश्वासाच्या रक्षणासाठी वापरले. ज्ञान वाढले की विश्वास ढळतो असे नाही. कित्येकदा त्या विश्वासाला अधिक चांगला वकील मिळतो!

दुसऱ्या बाजूचा विद्यार्थीही यातून सुटत नाही. ‘ही अंधश्रद्धा आहे’ असे म्हणून तो टाळ्या घेतो. पण मग पाणी लागते कसे, असे विचारले तर त्याच्याजवळ उत्तर नसते. वास्तविक येथील काळ्या पाषाणात पाणी झिजलेल्या थरांत, सांध्यांत आणि भेगांत साठते. अशा जागा पुष्कळ असल्याने केवळ अंदाजाने खोदले तरी अनेकदा थोडेफार पाणी लागते. लागलेल्या बोअरची गोष्ट गावभर होते, कोरड्या बोअरची कोणी सांगत नाही. म्हणजे एकूण किती वेळा सांगितले आणि त्यांतले किती वेळा खरे ठरले, हा हिशेब दोघांपैकी एकानेही मागितलेला नसतो.

हा दोष खेड्यातल्या मुलांपुरता आहे असे कोणी समजू नये. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात लॉर्ड, रॉस आणि लेपर यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात पाहण्यासारखा आहे. देहान्त शिक्षेच्या बाजूचे २४ आणि विरोधातले २४ अशा ४८ विद्यार्थ्यांना तेच दोन अभ्यास वाचावयास दिले. एकाचा निष्कर्ष शिक्षेला अनुकूल, दुसऱ्याचा प्रतिकूल. प्रत्येक गटाला आपल्या मताशी जुळणारा अभ्यास अधिक पक्का वाटला आणि विरुद्ध अभ्यासातल्या त्रुटी त्यांनी बारकाईने शोधून काढल्या. शेवटी दोन्ही गट पूर्वीपेक्षा अधिक ठाम झाले. चिकित्सा त्यांना येत होती. ती ते एकाच दिशेने चालवत होते.

आपल्या वादविवाद स्पर्धा नेमकी हीच सवय पक्की करतात, हा आमचा त्यांच्यावरील मुख्य आक्षेप आहे. बाजू आधी ठरते, पुरावे नंतर जमवले जातात. आवाज, हावभाव, पाठांतर, प्रतिपक्षाला निरुत्तर करणे या सर्वांना गुण मिळतात. ‘आपला हा मुद्दा मला पटला’ म्हणणाऱ्याला मात्र एकही गुण नाही. उलट तो हरतो. वक्तृत्व ही चांगली कला आहे. पण समोरच्याला निरुत्तर केले म्हणजे त्याला पटले, असे होत नाही. भर सभेत हरलेला मुलगा घरी जाऊन वडिलांना पाणाड्याकडेच पाठवतो.

मग पटते कशाने? मूळचे कोल्हापूरचे असलेले डॉ. जयंत नारळीकर यांनी प्रा. सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह २००८ साली फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका मिळवून त्या सरमिसळ केल्या. प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका दिल्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली, एवढेच विचारले. २७ जणांनी उत्तरे पाठवली. बरोबर उत्तरांचे सरासरी प्रमाण ४६ टक्के निघाले. नाणेफेक करूनही सुमारे ५० टक्के उत्तरे बरोबर यावीत!

वर्गात आणि भाषणांत हा ४६ चा आकडा काठीसारखा वापरला जातो. आमच्या मते चाचणीचा खरा धडा आकड्याच्या आधी आहे. दावा निश्चित शब्दांत मांडला, योगायोगाने किती जमेल ते आधी काढले आणि पत्रिका कोणाच्या हे उत्तर देणाऱ्यापासून झाकून ठेवले. एखादा श्रद्धाळू विद्यार्थी म्हणेल, ‘यात बुद्धीचाच प्रश्न होता, विवाहाचा नव्हता.’ त्याचे म्हणणे बरोबर आहे. या चाचणीने एकच दावा तपासला. असा आक्षेप घेणाऱ्याला गप्प बसवणे ही शिक्षकाची चूक ठरेल, कारण वर्गातली सर्वांत कडक चिकित्सा त्या क्षणी तोच करीत असतो.

पाणाड्याच्या प्रश्नावर असेच करून पाहता येईल. झाकलेल्या दहा घागरी घ्याव्यात. प्रत्येक घागरीत पाणी भरायचे की ती रिकामी ठेवायची, हे नाणेफेकीने ठरवावे. भरणाऱ्याने ओळखणाऱ्याच्या समोर थांबू नये. ‘घागरीतले पाणी चालत नाही, वाहते लागते’ असा आक्षेप असेल तर तो आधीच नोंदवावा. जर्मनीत कासेल येथे १९९० साली ३० पाणाड्यांची चाचणी झाली, तेव्हा जमिनीखालच्या नळातून पाणी वाहते आहे की नाही हेच विचारले होते. अटी त्यांना आधी मान्य होत्या, तरी निकाल योगायोगाइतकाच आला. दहापैकी सात किंवा अधिक उत्तरे निव्वळ योगायोगाने बरोबर येण्याची शक्यता सुमारे १७ टक्के, नऊ किंवा अधिकची मात्र जेमतेम एक टक्का. हे गणित मुलांनीच करावे.

आणि घागरी उघडण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या मुलांनी वहीत एक वाक्य लिहावे: किती उत्तरे बरोबर आली तर मी माझे मत बदलेन? हे वाक्य ज्याला लिहिता येत नाही, त्याची बाजू कोणतीही असो, त्याचा विचार अजून सुरू व्हावयाचा आहे. वादविवाद स्पर्धेच्या गुणपत्रिकेतही या वाक्यासाठी दहा गुण राखून ठेवण्यास हरकत नसावी.