अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीची आख्याने : व्हाईट, मॅकगिनिस आणि ट्रिपी

अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकांविषयी १९६० नंतर जे विपुल लेखन झाले आहे, त्याकडे राज्यशास्त्राच्या दृष्टीने अभ्यासकांनी पुष्कळ लक्ष दिले. तथापि आख्यान म्हणून, म्हणजे नायकाची ठराविक कल्पना आणि कार्यकारणभावाची ठराविक मांडणी असलेला एक वाङ्मयप्रकार म्हणून, त्याची तपासणी त्या मानाने कमी झाली आहे. मराठी वाचकाला ह्या प्रकाराची जात ओळखण्यास अडचण पडू नये. तो बखरीचा प्रकार आहे. घटना घडून गेल्यावर, निकाल ठाऊक असताना, बहुधा यशस्वी पक्षाच्या निकट बसून लिहिलेली ती हकीकत असते. तिच्यात रस असतो, व्यक्तिचित्रे जिवंत असतात, आणि जे घडले ते तसेच घडणार होते असा भास अखेरपर्यंत टिकविलेला असतो. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हा अस्सल पत्रांसमोर बखरींचे प्रामाण्य किती उणे ठरते हे दाखविण्याचा त्यांचा आग्रह होता. तोच आग्रह येथे धरला तर हाती काय लागते, हे पाहण्याजोगे आहे. कारण ह्या अमेरिकन बखरींनी केवळ मनोरंजन केलेले नाही. मतदार निवड कशी करतो, किंबहुना तो निवड करतो की त्याच्याकडून ती करवून घेतली जाते, ह्याविषयीच्या प्रचलित समजुती बऱ्याच अंशी त्यांनीच घडविल्या आहेत.

ह्या परंपरेचा आरंभ थिओडोर व्हाईट यांच्या ‘द मेकिंग ऑफ द प्रेसिडेंट १९६०’ ह्या ग्रंथापासून मानला जातो. तो १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला व पुढील वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. भाषणांचे सारांश आणि मतांचे आकडे यांच्या पलीकडे जाऊन व्हाईट यांनी उमेदवाराच्या खोलीतील माणसे दाखविली. न्यू हँपशरमधील एका चिमुकल्या वस्तीत मध्यरात्री पडलेल्या मतांपासून ग्रंथ सुरू होतो, आणि वेस्ट व्हर्जिनियातील प्राथमिक निवडणुकीचे प्रकरण तर आजही वाचनीय आहे. पैशाअभावी बसमधून हिंडणारे आणि अखेरीस दूरचित्रवाणीवरील वेळेसाठी स्वतःच्या खिशात हात घालणारे ह्यूबर्ट हंफ्री एकीकडे, आणि घरचे विमान दिमतीला असलेले जॉन केनेडी दुसरीकडे, हा विरोध व्हाईट यांनी फार समर्थपणे उभा केला आहे. पराभूताविषयीची ही सहानुभूती त्या ग्रंथाचा सर्वांत चांगला गुण होय.

परंतु दुसऱ्या पराभूताच्या, म्हणजे रिचर्ड निक्सन यांच्या, वाट्याला ती आलेली नाही. सुमारे ६ कोटी ८८ लाख मतांत केनेडी यांचे देशव्यापी आधिक्य एक लाखाहून थोडेसेच अधिक होते. इलिनॉय राज्यात तर ते नऊ हजारांच्या आत होते. इतक्या निसटत्या निकालाची मीमांसा करताना शंकेला जागा ठेवावयास हवी होती. व्हाईट यांच्या कथनात मात्र केनेडी यांचे पाऊल बहुधा विचारपूर्वक पडते आणि निक्सन यांचे बहुधा चुकते. चरित्रनायक आधी ठरला आणि कारणे मागाहून आली, असे येथे म्हणणे प्राप्त आहे. डिसेंबर १९६३ मध्ये, केनेडी यांच्या हत्येनंतर लवकरच, कॅमेलॉटच्या दंतकथेला ‘लाइफ’ साप्ताहिकातून प्रथम अक्षररूप दिले तेही व्हाईट यांनीच. ती इतिहासाची चुकीची मांडणी होती हे त्यांनी १९७८ च्या आपल्या आत्मवृत्तात मान्य केले. हा प्रामाणिकपणा दुर्मिळ खरा, पण तोवर दंतकथा रूढ होऊन बसली होती.

ह्याच निवडणुकीने दूरचित्रवाणीविषयीची मूळ कथा दिली. २६ सप्टेंबर १९६० रोजी शिकागोतील स्टुडिओत केनेडी व निक्सन यांचा पहिला वाद झाला. निक्सन गुडघ्याच्या दुखण्यातून नुकतेच उठले होते, वजन घटले होते, करडा पोशाख मागील फिकट पडद्यात मिसळून जात होता. ज्यांनी वाद रेडिओवर ऐकला त्यांना निक्सन सरस वाटले आणि ज्यांनी पाहिला त्यांना केनेडी, असे तेव्हापासून पाठ्यपुस्तकांतूनही सांगण्यात येते. डेव्हिड व्हॅन्सिल व स्यू पेंडेल यांनी १९८७ मध्ये ह्या विधानाचा आधार शोधला, तेव्हा तो एका बाजारपाहणी-संस्थेच्या अतिशय लहान नमुन्यावर उभा असल्याचे दिसून आले. शिवाय रेडिओ ऐकणारे मुळातच कोणत्या पक्षाचे होते ह्याचाही पत्ता नव्हता. जेम्स ड्रकमन यांनी २००३ मध्ये तोच वाद नव्या पिढीतील काहींना दाखविला व काहींना नुसता ऐकविला. पाहणाऱ्यांनी व्यक्तिमत्त्वाला अधिक वजन दिले, असे त्यांना आढळले. तात्पर्य, कथेत तथ्यांश असणे संभवते; पण ती पंचवीसतीस वर्षे पुराव्यावाचून सत्य म्हणून खपली. कारण सरळ आहे. पराभूतांना सबब मिळाली, विजयी पक्षाच्या तज्ज्ञांना श्रेय मिळाले, आणि धंद्याला गिऱ्हाईक मिळाले. मतदाराला काय मिळाले, हे कोणी विचारले नाही.

जो मॅकगिनिस यांचे ‘द सेलिंग ऑफ द प्रेसिडेंट १९६८’ (१९६९) हे पुस्तक गद्य म्हणून व्हाईट यांच्यापुढे उभे राहू शकत नाही. विशीतील लेखकाची तुच्छतेची लकब पानोपानी जाणवते. परंतु साधन म्हणून त्याचे मोल अधिक आहे. कारण मॅकगिनिस यांनी निक्सन यांच्या प्रचारकांची अंतर्गत टिपणे परिशिष्टांत छापली. उमेदवार बदलावयाचा नसून त्याच्याविषयीचे चित्र बदलावयाचे आहे, हा विचार तेथे खुद्द त्या मंडळींच्या भाषेत वाचावयास मिळतो. निवडलेले प्रश्नकर्ते, टाळ्यांसाठी बसविलेला श्रोतृवर्ग आणि स्टुडिओबाहेर ठेवलेले वार्ताहर, ह्या योजनेचा सूत्रधार रॉजर एल्स हा तरुण निर्माता होता; १९९६ मध्ये फॉक्स न्यूज ही वाहिनी सुरू झाली तेव्हा तिची धुरा त्याच्याच हाती आली. राजवाडे ज्याला कागद म्हणतात तो येथे आहे. टिमथी क्राऊझ यांच्या ‘द बॉइज ऑन द बस’ (१९७३) ह्या पुस्तकात वार्ताहरांच्या कळपवृत्तीचे चित्र आहे. व्हाईट यांच्या अनुकरणाने उमेदवाराच्या खोलीत किती गर्दी झाली हेही त्यात दिसते. एवढा उल्लेख येथे पुरे.

इंटरनेटच्या युगाची पहिली बखर पराभूत पक्षाच्या कारभाऱ्याने लिहिली, हे विशेष. जो ट्रिपी हे व्हर्माँटचे माजी गव्हर्नर हॉवर्ड डीन यांच्या २००४ च्या मोहिमेचे व्यवस्थापक. त्यांच्या पुस्तकाचे नाव ‘द रेव्होल्यूशन विल नॉट बी टेलिव्हाइज्ड’ (२००४). मूठभर कर्मचारी व काही शेकडो ज्ञात समर्थक एवढ्या भांडवलावर सुरू झालेली मोहीम वर्षभरात आघाडीवर कशी आली, ह्याचे वर्णन ट्रिपी मोठ्या उत्साहाने करतात. जुलै २००३ मधील प्रसंग त्यांत प्रातिनिधिक आहे. उपाध्यक्ष डिक चेनी यांच्यासाठी दोन हजार डॉलर पान ह्या दराने भोजन ठेवले होते. त्याच वेळी डीन संगणकासमोर बसून साधे सँडविच खात होते, आणि लहान लहान वर्गण्यांतून त्यांच्याकडे चेनी यांच्या भोजनापेक्षा अधिक रक्कम जमली. २००३ अखेर डीन यांनी चार कोटी डॉलरांहून अधिक निधी उभारला होता. हे यश खोटे नव्हते.

मग १९ जानेवारी २००४ च्या रात्री आयोवात डीन १८ टक्क्यांवर, तिसऱ्या क्रमांकावर, का राहिले? ह्या प्रश्नावर ट्रिपी यांचे पुस्तक लंगडे पडते. त्या रात्रीची डीन यांची आरोळी वाहिन्यांनी पुढील काही दिवसांत शेकडो वेळा दाखविली, आणि सभेचा गोंगाट न टिपणाऱ्या ध्वनिग्राहकामुळे ती विचित्र वाटली, हे खरे. पण आरोळी पराभवानंतरची आहे. आयोवातील सभा शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या असतात. शाळेच्या नाहीतर चर्चच्या दालनात, ओळखीच्या माणसांदेखत, आपला पक्ष उघडपणे घेऊन उभे राहावे लागे. तेथे परराज्यांतून नारिंगी टोप्या घालून आलेल्या स्वयंसेवकांच्या झुंडी दारोदार फिरल्या. मतदाराला पाहुणा पटवू शकतो, ही कल्पना संगणकासमोर सहज सुचते. दारात ती टिकत नाही. मॅथ्यू हिंडमन यांनी ‘द मिथ ऑफ डिजिटल डेमॉक्रसी’ ह्या ग्रंथात डीन यांचे समर्थक सर्वसाधारण डेमॉक्रॅटिक मतदारापेक्षा अधिक शिकलेले, सुस्थित व उदारमतवादी होते हे दाखविले आहे. इंटरनेटने निधी व कार्यकर्ते मिळतात, मते मिळतातच असे नाही, हा भेद ट्रिपी यांना करता आला असता. त्यांनी तो केला नाही; माध्यमच नायक झाल्यामुळे उमेदवाराच्या पराभवातही नायकाचा विजय सांगणे त्यांना भाग पडले.

डॅनियल क्राइस यांचा ‘टेकिंग अवर कंट्री बॅक’ (२०१२) हा ग्रंथ ह्या बखरीला उत्तर आहे. डीन यांच्या मोहिमेतील तंत्रज्ञांनी पुढे ‘ब्ल्यू स्टेट डिजिटल’ ही संस्था काढली व तिचीच साधने २००८ मध्ये बराक ओबामा यांनी वापरली, हा धागा क्राइस यांनी मुलाखती व नोंदींच्या साहाय्याने उकलला. उत्स्फूर्त जनक्षोभ म्हणून जे गौरविले गेले, त्यामागे याद्या, वेतन घेणारी माणसे आणि काटेकोर हिशेब होता. ओबामा यांनी जून २००८ मध्ये सरकारी निवडणूक-निधी नाकारला. १९७६ पासून मुख्य निवडणुकीत असे करणारे ते प्रमुख पक्षांपैकी पहिलेच उमेदवार होत. लहान वर्गणीच्या कौतुकात ही गोष्ट चाहत्यांनी झाकून टाकली.

२०१६ नंतर बखर उलटी झाली. गुणगानाच्या जागी भय आले. केंब्रिज ॲनालिटिका ह्या कंपनीने ८ कोटी ७० लाखांपर्यंत फेसबुक-सदस्यांची माहिती गैरमार्गाने मिळविल्याचे २०१८ मध्ये उघड झाले. अपराध गंभीर होता. परंतु ह्या माहितीच्या बळावर मतदारांची मने फिरविली गेली, हे विधान मुख्यतः कंपनीच्याच जाहिरातीतून आलेले होते. तिच्या पद्धती बहुतांशी सर्वत्र उपलब्ध असलेल्या तंत्रांच्याच होत्या, असे ब्रिटनच्या माहिती-आयुक्तांना २०२० मध्ये आढळले. योकाय बेंक्लर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेटवर्क प्रॉपगंडा’ (२०१८) मध्ये दोष प्रामुख्याने फॉक्ससारख्या वाहिन्यांकडे व प्रतिष्ठित वृत्तपत्रांच्या विषयनिवडीकडे नेला आहे. १९६० ची रेडिओकथा आणि २०१८ ची ही भयकथा यांचा साचा एकच आहे. दोहोंत मतदाराला मत नसते. त्याच्यावर परिणाम तेवढा होतो. डोनाल्ड ट्रम्प यांना मत देणाऱ्याची कारणे त्याला न विचारता यंत्रात शोधणे, हा त्याचा अवमान तर आहेच. पण ती कारणे चुकीची असतील तर ती खोडून काढण्याची वाटही त्यामुळे बंद होते.

ट्रिपी यांच्या शीर्षकावर काळाने एक टीप जोडली आहे. २७ जून २०२४ रोजी अटलांटा येथे, १९६० प्रमाणेच प्रेक्षकांवाचून, जो बायडन व ट्रम्प यांचा वाद दूरचित्रवाणीवर झाला, आणि चार आठवड्यांच्या आत, २१ जुलै रोजी, बायडन यांनी माघार घेतली. माघारीचे पत्र समाजमाध्यमावर आले. माघार घडविली ती पडद्यावरच्या नव्वद मिनिटांनी व त्यानंतर स्वपक्षीयांच्या दडपणाने.

कागदांचा प्रश्न मात्र आता बिकट झाला आहे. मॅकगिनिस यांना टिपणे मिळाली. आजच्या मोहिमेचा अस्सल कागद कंपन्यांच्या संगणकांत असतो. फेसबुकने २०१८ पासून राजकीय जाहिरातींचे एक भांडार सर्वांसाठी खुले ठेवले आहे. त्यात जाहिरातीचा मजकूर, खर्चाची अंदाजी मर्यादा, पाहणाऱ्यांचे वय, लिंग व राज्य एवढे सापडते. विशिष्ट माणसासमोर विशिष्ट मजकूर कोणत्या हिशेबाने ठेवला गेला, हे त्यावरून पुरते ठरविता येत नाही. तरीही पुढील निवडणुकीची बखर बाजारात येण्यापूर्वी अभ्यासकाने प्रथम तेथेच गेले पाहिजे, आणि मजकूर तारीखवार उतरवून घेतला पाहिजे.