आवलीचा विठोबाला जाब

पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तिथेच एके काळी प्रभात फिल्म कंपनीचा स्टुडिओ होता. विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल यांनी १९३६ साली ‘संत तुकाराम’ तिथे घडवला आणि पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. या चित्रपटाचं कौतुक बहुधा तुकोबा साकारणाऱ्या विष्णुपंत पागनिसांच्या तल्लीन मुद्रेपाशी थांबतं. पण देव दयाळू आहे तर पोरं उपाशी का, हा प्रश्न इथे तुकोबा विचारत नाहीत. तो विचारते त्यांची बायको जिजाई, म्हणजे आवली.

गौरीने साकारलेली ही आवली आजारी पोराला ओढत देवळात नेते आणि हातात वहाण घेऊन विठ्ठलाला जाब विचारते. दिग्दर्शकांनी तिला पाखंडी ठरवलेलं नाही. तिची चूल, तिची म्हैस, तिचा तोंडाळपणा, सगळं कॅमेऱ्याने मायेने टिपलं आहे. बायबलमधल्या, देवाकडे दुःखाचा जाब मागणाऱ्या ईयोबाच्या कथेत बायकोच्या वाट्याला जेमतेम एक उद्गार येतो. दामले-फत्तेलालांनी तिच्यासारखीला जवळजवळ अर्धा चित्रपट दिला. इंद्रायणीत बुडालेल्या तुकोबांच्या अभंगांच्या वह्या वर येतात, पण आवलीची भूक त्याने मिटत नाही. नवरा वैकुंठाला निघतो तेव्हाही ती संसार सोडून जात नाही. मराठी पडद्यावर श्रद्धा आणि दुःख इतक्या बरोबरीने समोरासमोर क्वचितच उभी राहिली.

एक गोष्ट मात्र प्रभातने बाजूला ठेवली: १६३० च्या सुमाराचा भीषण दुष्काळ. तुकोबांची पहिली पत्नी रखमाबाई आणि मुलगा संतू त्यात गेले. चंद्रकांत कुलकर्णी यांच्या ‘तुकाराम’ने (२०१२) हा काळ पडद्यावर आणला. जितेंद्र जोशीचा तुकाराम आधी सावकारी-दुकानदारी सांभाळणारा गृहस्थ आहे, म्हणून त्याची भक्ती जखमेतून उगवलेली वाटते. तरी संपूर्ण चरित्र कवेत घेण्याच्या ओढीत शोकाला हवा तेवढा वेळ मिळत नाही.

संतपटाची जुनी खोड हीच. दुःख म्हणजे परीक्षा आणि चमत्कार म्हणजे तिचा निकाल. २०२५ साली ‘संत ज्ञानेश्वरांची मुक्ताई’ आला, म्हणजे हा प्रकार अजून जिवंत आहे. पण ज्ञानेश्वर-मुक्ताई या भावंडांच्या कथेत आईवडिलांना देहान्त प्रायश्चित्त घ्यावं लागतं, आणि तेही देवाधर्माच्या नावाने. चमत्कारांच्या उजेडात ते दोन मृत्यू झाकोळू नयेत.

देव दयाळू तर पोरं उपाशी का, या आवलीच्या प्रश्नाला अलीकडे खरा न्याय दिला तो संतपट नसलेल्या चित्रपटाने. परेश मोकाशींच्या ‘एलिझाबेथ एकादशी’त (२०१४) पंढरपुरातली गरीब घरची मुलं आईचं जप्त झालेलं यंत्र सोडवण्यासाठी एकादशीच्या गर्दीत बांगड्या विकतात. देव हाकेच्या अंतरावर, आणि पैसे मात्र त्यांनाच जमवायचे आहेत.

रखमाबाईच्या बाजूने सांगितलेला तुकाराम अजून कुणी काढल्याचं ऐकिवात नाही. तुकोबांच्या देहूपासून जवळच्या पुण्यात चित्रपट शिकणाऱ्या मुलामुलींपैकी कुणीतरी तो काढायला हवा.