हरलेल्या पक्षात मागे कोण उरतं?

निवडणूक हरलेल्या पक्षाबद्दल एक वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलेलं असतं: 'लंबक आहे हो, आज तिकडे गेला, उद्या इकडे येईल.' ब्रिटनच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाबद्दल तर हे हमखास बोललं जातं. मराठी वर्तमानपत्रं ज्याला वर्षानुवर्षं 'हुजूर पक्ष' म्हणत आली, तो हा पक्ष. समोरच्या 'मजूर' पक्षाशी यमक जुळणारं इतकं नेमकं भाषांतर क्वचितच सापडेल! हा पक्ष १९०६ मध्ये भुईसपाट झाला आणि परत आला. १९४५ मध्ये हरला आणि परत आला. १९९७, २००१, २००५ अशा सलग तीन निवडणुका हरला आणि तरीही परत आला. मग जुलै २०२४ मध्ये ३६५ जागांवरून १२१ वर घसरला, तर त्यात एवढं काय? परत येईलच की.

मी संशोधनाला सुरुवात केली तेव्हा माझ्याही डोक्यात हेच होतं. माझ्या आराखड्यातलं पहिलं प्रकरणच 'पराभव आणि पुनरागमन' असं होतं. आज ते शीर्षक मी खोडलंय. का खोडलं ते सांगताना एका पुस्तकाशी थोडं भांडावं लागणार आहे. पुस्तक मला मनापासून आवडतं, म्हणूनच भांडतोय.

पुस्तक आहे डॅनियल झिब्लाट यांचं 'कॉन्झर्व्हेटिव्ह पार्टीज अँड द बर्थ ऑफ डेमॉक्रसी' (२०१७). लोकशाही कशी रुजते, या प्रश्नाचं उत्तर अभ्यासक सहसा कामगार चळवळीत किंवा मध्यमवर्गात शोधतात. झिब्लाट उलट बाजूने बघतात. ज्यांच्याकडे गमावण्यासारखं सगळ्यात जास्त होतं त्या जमीनदारांनी, उमरावांनी, बड्या मालमत्तावाल्यांनी लोकशाहीला मान्यता का दिली? त्यांचं उत्तर साधं आहे आणि म्हणूनच जोरदार आहे: ज्याला निवडणूक जिंकता येते, त्याला निवडणुकीची भीती वाटत नाही.

ब्रिटनमध्ये हुजूर पक्षाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी संघटना बांधली. मतदारसंघांत पगारी एजंट नेमले. १८८३ मध्ये 'प्रिमरोझ लीग' निघाली आणि सहली, चहापान, जत्रा असं करत पक्ष सामान्य माणसाच्या, विशेषतः बायकांच्या, घरापर्यंत पोचला. हे घडलं तेव्हा बायकांना संसदेच्या निवडणुकीत मतसुद्धा नव्हतं, हे लक्षात घ्या. झिब्लाट म्हणतात, अशी भक्कम संघटना असली की नेतृत्वाला आपल्याच टोकाच्या मंडळींना आवर घालता येतो. पक्ष हरला तरी 'पुढच्या वेळी जिंकू' असं म्हणता येतं.

याच्या उलट उदाहरण जर्मनीचं. वायमार काळातला जर्मन राष्ट्रीय जनपक्ष (डीएनव्हीपी) डिसेंबर १९२४ मध्ये २०.५ टक्के मतं घेऊन भरात होता. १९२८ मध्ये तो १४.२ टक्क्यांवर आला. धक्का मोठा होता, पण पक्ष संपला नव्हता. मग पक्षाने काय केलं? ऑक्टोबर १९२८ मध्ये आल्फ्रेड हुगेनबर्ग या वृत्तपत्र आणि सिनेमा उद्योगातल्या धनाढ्याला अध्यक्ष केलं. त्याचं निदान असं की आपण पुरेसे कडवे नाही म्हणून हरलो. १९२९ मध्ये तो यंग योजनेविरुद्धच्या मोहिमेत हिटलरबरोबर उभा राहिला. मवाळ मंडळी एकेक करून बाहेर पडली. आधीचे अध्यक्ष वेस्टार्पसुद्धा गेले. १९३० मध्ये पक्षाची मतं ७ टक्के. जानेवारी १९३३ मध्ये हिटलरच्या पहिल्या मंत्रिमंडळात हुगेनबर्ग मंत्री होता, आणि त्याच वर्षी त्याचा पक्षही संपला आणि त्याचं मंत्रिपदही.

हे वाचताना अंगावर काटा येतो. पण इथेच माझी पहिली तक्रार आहे. झिब्लाट यांच्या मांडणीत संघटना ही एखाद्या वाड्यासारखी वाटते. एकांनी तो बांधला, दुसऱ्यांनी नाही बांधला. पण वाड्यालाही गळती लागते ना! एकदा भक्कम झालेली संघटना पोकळ कशी होते, हे पुस्तक पुरेसं सांगत नाही. त्यांचा मुख्य काळ दुसऱ्या महायुद्धापूर्वीचा आहे, त्यामुळे हा दोष पूर्णपणे त्यांच्या माथी मारता येणार नाही. पण आपण वाचक ते पुस्तक घेऊन थेट आजच्या ब्रिटनपाशी येतो आणि म्हणतो, 'तिथला पक्ष मजबूत आहे, काळजी नको.' ही उडी चुकीची आहे.

गळती समजून घ्यायला मला दुसरं एक पुस्तक उपयोगी पडलं: आल्बर्ट हिर्शमन यांचं १९७० मधलं 'एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी'. त्यांचं म्हणणं, एखादी संस्था घसरायला लागली की माणसापुढे दोन वाटा असतात. बाहेर पडणं किंवा आत राहून आवाज उठवणं. यातली कोणती वाट धरायची आणि किती लवकर, हे निष्ठेवर ठरतं.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. महापालिकेची मराठी शाळा घसरायला लागते. मुख्याध्यापकांना जाऊन जाब विचारतील असे पालक कोण असतात? ज्यांना फरक कळतो आणि ज्यांना परवडतं ते. पण तेच आधी आपलं मूल काढून इंग्रजी शाळेत घालतात. मग शाळेत जाब विचारणारंच कुणी उरत नाही, आणि शाळा आणखी घसरते. शाळांचं उदाहरण हिर्शमनही देतात, फक्त त्यांचा संदर्भ वेगळा आहे.

आता हे पक्षाला लावून बघा. पराभवानंतर आधी कोण जातं? ज्यांचा पक्षाशी धागा सैल असतो ते, म्हणजे काठावरचे, मवाळ, दुसरीकडेही मत देऊ शकणारे. मागे उरतात कट्टर. आणि पुढचा नेता निवडायचा अधिकार मागे उरलेल्यांकडेच असतो.

हुजूर पक्षात हा अधिकार १९९८ मध्ये विल्यम हेग यांच्या सुधारणांनी सदस्यांना मिळाला. त्याआधी नेता खासदार निवडत. आता खासदार दोन नावांपर्यंत गाळणी लावतात आणि शेवटचा कौल सदस्यांचा. वरवर पाहता हे जास्त लोकशाही आहे. पण १९५० च्या दशकात या पक्षाचे सुमारे २८ लाख सदस्य असल्याचं सांगितलं जायचं. २०२४ मध्ये नेता निवडायला पात्र होते १,३१,६८०. हा निव्वळ आकड्यांचा फरक नाही. २८ लाखांचा पक्ष हा समाजाचा एक तुकडा असतो. सव्वा लाखाचा पक्ष हा चाहत्यांचा क्लब असतो.

२००१ मध्ये, दुसऱ्या पराभवानंतर, सदस्यांपुढे दोन नावं होती. केनेथ क्लार्क, पक्षाबाहेरही लोकप्रिय पण युरोपवादी. आणि इयन डंकन स्मिथ. सदस्यांनी डंकन स्मिथना १,५५,९३३ विरुद्ध १,००,८६४ मतांनी निवडलं. पुढच्याच वर्षी पक्षाच्या अधिवेशनात थेरेसा मे यांनी सांगितलं की लोक आपल्याला 'ओंगळ पक्ष' म्हणतात. निदान बरोबर होतं. त्या काळातल्या पाहणीत एक गंमत दिसली होती: काही धोरणं लोकांना आवडायची, पण ती हुजूर पक्षाची आहेत असं सांगितलं की नावडायची. डंकन स्मिथना २००३ मध्ये, एकही सार्वत्रिक निवडणूक न लढता, खासदारांनीच हटवलं.

इथे तुम्ही मला अडवाल, आणि अडवायलाच हवं. 'अरे, पण २००५ मध्ये याच सदस्यांनी डेव्हिड कॅमेरॉनना दोनास एक मतांनी निवडलं की! कट्टरच उरतात तर हे कसं घडलं?'

या प्रश्नाने माझे दोन महिने खाल्ले. माझं आजचं उत्तर असं: तेव्हा उजवीकडे बाहेर पडायला दारच नव्हतं. २००५ मध्ये युकिप या पक्षाला जेमतेम २.२ टक्के मतं होती. चिडलेला हुजूर कार्यकर्ता जाणार कुठे? तो आतच राहिला, तीनदा हरला, थकला आणि शेवटी म्हणाला, 'ठीक आहे, जिंकून देणारा माणूस आणा.' लंबक आपोआप परत आला नाही. दार बंद होतं म्हणून परत आला.

आज दोन्ही बाजूंची दारं उघडी आहेत. सप्टेंबर २०१९ मध्ये ब्रेक्झिटच्या भांडणात बोरिस जॉन्सन यांनी २१ खासदारांना संसदीय पक्षातून काढलं. त्यात केनेथ क्लार्क होते आणि चर्चिल यांचे नातू निकोलस सोम्सही. म्हणजे मवाळांना तर ढकलूनच बाहेर काढलं. त्यांच्या मागोमाग त्यांचे मतदार गेले. २०२४ मध्ये कॅमेरॉन यांचं विटनी, मे यांचं मेडनहेड आणि जॉन्सन ज्या हेन्लीतून पहिल्यांदा खासदार झाले तो भाग, या तिन्ही जागा लिबरल डेमोक्रॅट्सनी जिंकल्या. एकूण ७२ जागा त्यांना मिळाल्या. दुसऱ्या दाराने नायजेल फराज यांच्या रिफॉर्म पक्षाने १४.३ टक्के मतं नेली. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये डॅनी क्रूगर हे विद्यमान खासदारच त्या दाराने गेले.

यावर लगेच बेरीज मांडली जाते. हुजूर २३.७ आणि रिफॉर्म १४.३, मिळून ३८. मजूर पक्ष तर ३३.७ टक्क्यांवरच सत्तेत आला. म्हणजे मतविभागणी टळली की झालं! महाराष्ट्रात राहणाऱ्या माणसाला या बेरजेतली मेख सांगायला नको. दोन पक्ष एकत्र आले म्हणून त्यांचे मतदार एकत्र येतातच असं नाही. रिफॉर्मकडे सरकलात तर विटनी आणि मेडनहेड विसरा. विटनीकडे सरकलात तर उरलेला कार्यकर्ता फराज यांच्याकडे जातो. मतदार मध्यभागी असतात, तिकडे सरका म्हणजे जिंकाल, हा अँथनी डाऊन्स यांचा १९५७ मधला जुना सल्ला एका बाजूने मतं गळत असतील तेव्हा कामाचा. दोन्ही बाजूंनी गळत असतील तर तो अपुरा पडतो.

ऑक्टोबर २०२४ मधली नेतेनिवड हे याचं छोटं चित्र आहे. खासदारांच्या शेवटून दुसऱ्या फेरीत मवाळ समजले जाणारे जेम्स क्लेव्हर्ली ३९ मतांनी पहिले होते. दुसऱ्या दिवशी ते ३७ मतांवर येऊन बादच झाले. सदस्यांपुढे गेली केमी बेडनॉक आणि रॉबर्ट जेनरिक ही दोन नावं, दोघेही पक्षाच्या उजव्या बाजूचे. बेडनॉक ५३,८०६ विरुद्ध ४१,३८८ अशा जिंकल्या. २००१ मध्ये अडीच लाखांहून जास्त सदस्यांनी मत दिलं होतं, आता लाखभरसुद्धा नाही. मे २०२५ च्या स्थानिक निवडणुकांत या पक्षाने राखायला घेतलेल्या सगळ्या कौन्सिलांवरचा ताबा गेला.

मग हुजूर पक्ष संपला का? असं मी म्हणत नाही, आणि आजचं ब्रिटन म्हणजे वायमार जर्मनी असं तर अजिबातच म्हणत नाही. माझं म्हणणं मर्यादित आहे. 'पुन्हा पुन्हा हरणाऱ्या पक्षाचं भवितव्य काय', याचं उत्तर इतिहासातल्या पुनरागमनांची यादी करून मिळत नाही. तीन प्रश्न विचारावे लागतात. पराभवानंतर कोण बाहेर पडलं? त्यांना जायला कुठे जागा होती? आणि मागे उरलेल्यांच्या हातात नेमका कोणता अधिकार आहे?

झिब्लाट यांचं मोठेपण असं की हे प्रश्न का महत्त्वाचे, ते त्यांच्यामुळेच कळतं. तुम्ही उजवे नसाल, तुम्हाला हा पक्ष हरल्याचा आनंदही झाला असेल. मलाही २०२४ ची ती रात्र बघताना मजाच वाटत होती. पण सनातनी, सावध, 'हळू बदला' म्हणणारा मतदार कुठल्याही समाजात असतोच. त्याचा पक्ष कोसळला म्हणून तो मतदार नाहीसा होत नाही. त्याचं मत दुसरं कुणीतरी उचलतं. ते उचलणारा निवडणूक हरल्यावर निमूट घरी जाणारा आहे की नाही, यावर बाकीच्यांचंही बरंच काही ठरतं.

माझ्या पहिल्या प्रकरणाचं नवं शीर्षक आहे 'उरलेल्यांचा पक्ष'. मार्गदर्शकांना ते अजून पटलेलं नाही. बघू.