तीन स्वरमेळ आणि एक आडनाव

कर्वेनगरातल्या एका तरुण वादकाने मला पंक रॉकच्या तबकड्या ऐकवल्या: रामोन्स (१९७६), क्लॅश (१९७७). तीन स्वरमेळांवर गाणे उभे राहते, पंडितांची परवानगी लागत नाही, ह्याचे त्याला अप्रूप. मला नाही. मोठेपणी अक्षरे शिकलेल्या वामनदादा कर्डकांनी हजारो गीते रचली. त्यांत शत्रू कोण, हे वस्तीला नेमके कळे. क्लॅश स्वतःच्या लंडनवर चिडले होते. हा मित्रही लंडनवरच चिडतो, इंग्रजीतून! गिटारीचा गोंगाट मात्र मला आवडला. तो खुशाल राहावा. एकच गाणे त्याने मराठीत केले आहे: भाड्याची खोली दाखवण्याआधी आडनाव विचारणाऱ्या घरमालकावर. माझ्या मते तेच त्याचे खरे पंक. ते वाजवायला मात्र तो लाजत होता. मी दोनदा मागितले, तेव्हा वाजवले.